गडूवरचं लेबल

गोदौलियाच्या चौकातून दशाश्वमेध घाटाकडे निघालं की रुद्राक्ष, कुंकू, शंख आणि तांब्याचे गडू मांडलेली दुकानं दोन्ही हातांना लागतात. मागच्या माघात मी त्यातल्या एका दुकानापुढे थांबलो होतो. गडू पसंत केला. तोंडाचा डाग नीट बसलाय ना, ते दुकानदाराने अंगठा फिरवून पाहिलं आणि गल्ल्याशेजारच्या एका यंत्राचं बटण दाबलं. जेवणाच्या डब्याएवढं यंत्र. त्यातून दोन बोटं रुंदीची पांढरी चिठ्ठी सरकत बाहेर आली. वर ‘काशी गंगाजल’, खाली तारीख, त्याखाली किंमत. मागचा गुळगुळीत कागद सोलून त्याने ती गडूच्या पोटावर चिकटवली आणि गडू माझ्या हातात दिला. पुढच्या गिऱ्हाइकाचं लेबल तोवर निघायला लागलं होतं.

माझ्या आजीच्या देवघरातही असाच एक गडू होता. तिच्या सासूबाई काशीयात्रा करून आल्या, मावंदं घातलं, तेव्हाचा. त्याच्यावरही कागद होता. मगरीवर बसलेली गंगा, हातात कलश आणि कमळ, मागे निळं पाणी. कागदाच्या कडा झुरळांनी खाल्ल्या होत्या, कारण तो खळीने चिकटवलेला होता आणि खळ म्हणजे झुरळांची मेजवानी. पण गंगेच्या लुगड्याचा लाल रंग शाबूत होता. दागिन्यांवरची सोनेरी भुकटी समईच्या उजेडात चमकायची. लहानपणी मला आतल्या गंगेपेक्षा बाहेरची गंगाच जास्त खरी वाटायची.

या दोन लेबलांच्या मधला काळ मी गेली काही वर्षं शोधतो आहे. त्यातला मोठा भाग मुंबई, पुणे आणि मळवली या पट्ट्यात घडला आणि त्याचा एक धागा पुन्हा काशीलाच येऊन पोचला.

दशाश्वमेध घाट मराठी माणसाला परका नाही. १७४८ साली नानासाहेब पेशव्यांनी तो पक्का बांधवला आणि १७७४ मध्ये अहिल्याबाई होळकरांनी त्याचं काम पुढे नेलं, असं सांगितलं जातं. त्याच अहिल्याबाईंनी १७८० च्या सुमारास विश्वनाथाचं देऊळ पुन्हा उभं केलं. त्यानंतर पन्नास वर्षांनी हा घाट दगडावर उतरला, तो वेगळ्या अर्थाने. जेम्स प्रिन्सेप हा तरुण इंग्रज १८२० ते १८३० या काळात बनारसच्या टांकसाळीत होता. नाण्यांतल्या धातूचा कस पाहायचा आणि उरलेल्या वेळात शहराची चित्रं काढायची, हा त्याचा क्रम. पुढे १८३७ मध्ये ब्राह्मी लिपी उलगडली तीही त्यानेच. त्याची बनारसची चित्रं १८३० ते १८३४ च्या दरम्यान ग्रंथरूपाने निघाली. इंग्लंडमधल्या कारागिरांनी ती दगडावर उतरवली आणि कागदावर छापली. काशीचे घाट शिळाछापाने घरोघर जाऊ शकतात, हे तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

शिळाछापाची युक्ती मोठी सोपी आणि मोठी सुंदर आहे. बव्हेरियातल्या आलॉइस सेनेफेल्डरला ती १७९६ ते १७९८ च्या दरम्यान सापडली. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्या एका गोष्टीवर सगळी इमारत उभी. सोल्नहोफेनच्या खाणीतला बारीक कणांचा चुनखडीचा दगड घ्यायचा, वाळूने घोटून सपाट करायचा, त्यावर चरबीयुक्त शाईने उलटं चित्र काढायचं. मग डिंकाचं पाणी आणि थोडं तेजाब फिरवायचं. आता दगड ओला केला की कोरा भाग पाणी धरतो आणि चित्राचा भाग पाणी झटकतो. शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त चित्रावर बसते. वर कागद ठेवायचा, दाब द्यायचा, चित्र तयार. कोरायचं काही नाही, खिळे जुळवायचे नाहीत. सोल्नहोफेनच्या याच दगडात १८६१ साली पंखांचा एक पुरातन प्राणी सापडला. शास्त्रज्ञांनी त्याच्या नावातही ‘लिथोग्राफिका’ ठेवलं. पक्ष्यांच्या त्या आद्य पूर्वजाचं नाव छापखान्याच्या दगडाशी असं कायमचं बांधलं गेलं.

प्रिन्सेपची चित्रं इंग्लंडमध्ये छापली जात होती, त्याच सुमारास मुंबईत गणपत कृष्णाजी नावाचा गृहस्थ एक यंत्र बनवत होता. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात त्याने छपाई पाहिली होती, हात घातला होता. स्वतःचा छापखाना काढायचा तर विलायती यंत्र विकत घ्यायला पैसा नव्हता. त्याने लाकडाचा आणि लोखंडाचा शिळाप्रेस स्वतः बनवला. दगड स्वतः पारखले. सगळ्यात महत्त्वाचं, शाई स्वतः तयार केली. १८३१ मध्ये त्याने मराठीतलं पहिलं छापील पंचांग काढलं. त्याआधी पंचांग हाताने नकलून घ्यावं लागे, आणि छापलेलं घरात घ्यावं की नाही यावर सोवळ्यातल्या मंडळींचा खल चाले. शंका शाईची होती. विलायती शाईत जनावराची चरबी. गणपत कृष्णाजीने धार्मिक पोथ्यांसाठी तुपात खललेली शाई वापरली, असं सांगतात. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ साली ‘मुंबईचे वर्णन’ लिहिलं, तेव्हा त्यांना या माणसाबद्दल आवर्जून लिहावंसं वाटलं.

मला गणपत कृष्णाजी थोर वाटतो तो या शाईमुळे. यंत्र बनवणारे नंतरही अनेक झाले. पण यंत्र एकदाच येतं आणि शाई रोज लागते, हे त्याने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. लेबलांच्या धंद्याचा पुढचा सगळा इतिहास या एका वाक्यात येतो, आणि त्यात जे बुडाले ते बहुतेक हे वाक्य विसरले म्हणून बुडाले.

लेबलाची खरी गरज निर्माण केली कापडाने. मँचेस्टरचं कापड ताग्यांच्या ढिगाने मुंबई बंदरात उतरू लागलं. वऱ्हाडातल्या किंवा खानदेशातल्या गिऱ्हाइकाला इंग्रजी नाव वाचता येत नव्हतं, पण चित्र ओळखता येत होतं. म्हणून प्रत्येक ताग्याच्या दर्शनी घडीवर एक रंगीत कागद चिकटवला जाई. व्यापारी त्याला तिकीट म्हणत. हत्ती, वाघ, मोर, लक्ष्मी, कृष्ण. रॅली ब्रदर्ससारख्या मोठ्या पेढ्यांची तिकिटं इतकी देखणी असत की कापड संपल्यावर बायका ती जपून काढून ठेवत, कुणी फडताळाच्या दाराला लावत. गिऱ्हाईक दुकानात जाऊन कंपनीचं नाव घेत नसे. ‘मागच्या वेळचा हत्तीछापच द्या’ म्हणत असे. आजही आपण मालाच्या नावापुढे ‘छाप’ म्हणतो, त्याच्यामागे हा व्यवहार आहे.

जिथे चित्राला एवढी किंमत, तिथे चित्राची चोरी आलीच. १८८९ साली हिंदुस्थानात मालाच्या खुणांविषयीचा कायदा झाला. खोटी खूण लावणं गुन्हा ठरलं आणि कापडाच्या ताग्यावर लांबी छापणं बंधनकारक झालं. चिठ्ठीला पहिल्यांदा कायद्याची ताकद मिळाली. यापुढे लेबल म्हणजे नुसती शोभा राहिली नाही, ते वचन झालं. मोडलं तर कोर्टात उभं करणारं.

मधल्या काळात पुण्यात १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या स्नेह्यांनी चित्रशाळा काढली. निबंधमाला लिहिणारा माणूस रंगीत चित्रांच्या छापखान्यात का पडला, याचं आश्चर्य वाटायला नको. वाचता येणाऱ्यांसाठी निबंध आणि न येणाऱ्यांसाठी चित्र, दोन्हींतून स्वत्व जागं करायचं हा हिशेब होता. चित्रशाळेचं रामपंचायतन महाराष्ट्राच्या घराघरांत लागलं. रंगीत शिळाछाप इथल्या माणसांना जमतो, हे त्यातून सिद्ध झालं.

मग आला राजा रविवर्मा. त्याच्या तैलचित्रांची मागणी एवढी वाढली की एका माणसाच्या हाताने ती पुरी होणं शक्य नव्हतं. चित्रं युरोपात पाठवून त्यांच्या छापील प्रती काढाव्यात, असा सल्ला त्याला सर टी. माधवराव यांनी दिला होता. त्रावणकोर आणि बडोद्याचे दिवाण राहिलेले हे माधवराव तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. रविवर्म्याने पुढे जाऊन छापखानाच काढला. गोवर्धनदास खटाव मखनजी या मुंबईच्या व्यापाऱ्याशी भागीदारी केली, जर्मनीहून यंत्रं आणि कारागीर आणले, आणि १८९४ साली मुंबईत काम सुरू झालं. शकुंतलेच्या जन्माचं चित्र तिथून पहिल्यांदा निघालं.

या छापखान्यात एक चित्र कसं तयार होई, ते नीट पाहण्यासारखं आहे. मूळ चित्रातला प्रत्येक रंग वेगळा काढायचा. पिवळ्याचा एक दगड, निळ्याचा एक, लालाचे दोन, कांतीच्या फिकट गुलाबीचा वेगळा, सावलीच्या राखाडीचा वेगळा. चांगल्या चित्राला दहा-बारा दगड सहज लागत. दोन फूट रुंद, तीन फूट लांब आणि तीन इंच जाडीच्या दगडाचं वजन शंभर किलोंच्या पुढे जातं. असे शेकडो दगड. एक रंग छापला की कागद सुकवायचा, मग तोच कागद दुसऱ्या दगडावर केसभरही न सरकता बसवायचा. कोपऱ्यांतल्या बारीक फुल्या एकावर एक आल्या पाहिजेत, नाहीतर लक्ष्मीचे ओठ गालावर जातात. शेवटी सोनेरी रंग. तो रंग नव्हेच. चिकट वार्निश छापून त्यावर पितळेची भुकटी मऊ कुंच्याने फिरवायची, उरलेली झटकून टाकायची. माझ्या आजीच्या गडूवर चमकत होती ती ही भुकटी.

हा सगळा डोलारा बाहेरच्या मालावर उभा होता. दगड बव्हेरियाचा, शाईतले रंग जर्मनीचे, यंत्राचा तुटलेला दातासुद्धा बोटीने यायचा. त्यात १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. छापखाना घाटकोपरहून हलवावा लागला. १८९९ मध्ये तो कार्ल्याजवळ मळवलीला गेला. हवा कोरडी, पाणी भरपूर, मुंबई-पुणे रेल्वेचं स्टेशन जवळ. पण तोवर कर्जाचा बोजा मोठा झाला होता. रविवर्मा आणि त्याचा भाऊ राजवर्मा हे चित्रकार. दोघांचा जीव रंगात होता, शाईच्या पिंपात नव्हता. १९०१ च्या सुमारास त्यांनी छापखाना आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायखरला, विकून टाकला. चित्रं छापण्याचे हक्कही त्याच्याबरोबर गेले. १९०५ मध्ये भाऊ गेला, १९०६ मध्ये रविवर्मा.

श्लायखरने काय केलं? त्याने देवदेवतांची चित्रं चालू ठेवली, पण जोडीला लेबलं घेतली. कॅलेंडरं, पोस्टकार्डं, जाहिराती, मालाच्या वेष्टनांवरचे कागद. माझ्या मते हा निर्णय या सगळ्या कहाणीतला सर्वांत शहाणपणाचा आहे. चित्र माणूस एकदा घेतो आणि पंचवीस वर्षं भिंतीवर ठेवतो. लेबल दर महिन्याला लागतं. कारखाना चालू आहे तोवर लेबल चालू आहे. दगड, यंत्र, कारागीर तेच. मागणी तेवढी बारमाही होते.

लेबल छापण्याची एक खास युक्ती होती. त्याला ट्रान्सफर म्हणत. एका लहान दगडावर लेबलाचं चित्र एकदाच, जीव ओतून काढायचं. मग खळ लावलेल्या खास कागदावर त्याचे पन्नास-साठ ठसे घ्यायचे. ते ठसे मोठ्या दगडावर ओळीने मांडायचे आणि दाबायचे. कागद निघून जातो, शाई दगडावर राहते. आता एका दाबात एक लेबल निघत नाही, पन्नास निघतात. ताव छापून झाले की कापणीच्या यंत्राखाली घालायचे. आकार वेडावाकडा असेल तर लोखंडी साच्याने ठोकून काढायचे. चित्रकाराने एकदा केलेलं काम लाखो वेळा विकलं जाई. काडेपेटीवरच्या दीड इंचाच्या चित्रात जो बारकावा दिसतो, तो या युक्तीचा.

काडेपेटीने लेबलाला घराघरांत नेलं. आधी स्वीडन, ऑस्ट्रिया आणि जपानहून काडेपेट्या यायच्या आणि त्यांच्यावर आपलेच देव असायचे, कारण गिऱ्हाईक आपलं होतं. १९२३ मध्ये स्वीडिश कंपनीने मुंबईत विम्को काढली आणि अंबरनाथला कारखाना उभा राहिला. दक्षिणेत शिवकाशीला काडेपेटीचा धंदा आला आणि काडेपेटीला लेबल हवं म्हणून मागोमाग छापखाने आले. ते गाव आज देशाच्या छपाईचं मोठं केंद्र आहे, त्याची सुरुवात या चिमुकल्या चिठ्ठीतून झाली. १९३४ मध्ये सरकारने काडेपेट्यांवर कर बसवला आणि प्रत्येक पेटीवर कराची पट्टी चिकटवणं आलं. म्हणजे एका पेटीवर दोन कागद, एक कंपनीचा आणि एक सरकारचा. सरकारी चिकट कागदाचं मोठं घर मात्र आपल्या नाशिकला होतं. तिथल्या सरकारी छापखान्यात १९२६ पासून टपालाची तिकिटं निघू लागली. तिकीट म्हणजे तरी काय, मागे डिंक लावलेलं आणि पैसे देऊन घेतलेलं लेबलच.

याच मळवली-लोणावळ्याच्या परिसरात धुंडिराज गोविंद फाळके नावाचा तरुण होता. जे. जे. स्कूल, बडोद्याचं कलाभवन, गोध्ऱ्याचा फोटो स्टुडिओ, पुराणवस्तू खात्यातली नोकरी असा प्रवास करून तो इथे पोचला. रविवर्मा प्रेससाठी त्याने फोटोवरून दगडाचे ठसे तयार करण्याचं काम केलं. नंतर स्वतःचा छापखाना काढला. १९०८ च्या सुमारास तो दादरला आला आणि लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स या नावाने गाजला. रंगीत छपाईची नवी यंत्रं आणायला फाळके १९०९ मध्ये जर्मनीला गेले. परत आले, कामाची वाहवा झाली, आणि मग भागीदारांशी बिनसलं. फाळके बाहेर पडले. यंत्रं तिथेच राहिली.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. त्या कथेचा शेवट काशीच्या स्मशानात होतो. दशाश्वमेधाच्या दक्षिणेला आजही हरिश्चंद्र घाटावर चिता जळतात. पण छापखान्याचा इतिहास शोधणाऱ्याला फाळक्यांच्या पुढच्या वर्षांत वेगळंच काही दिसतं. १९१४ मध्ये युद्ध पेटलं आणि कच्च्या फिल्मचा तुटवडा पडला. कॅमेरा हातात आहे, नट तयार आहेत, पण फिल्म नाही. जर्मन रंग येईनासे झाले, तेव्हा छापखान्यांचीही तीच गत झाली होती. छापखान्यातून सिनेमात आलेल्या फाळक्यांना पुन्हा त्याच भिंतीने अडवलं.

१९१८ मध्ये नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी निघाली. पुन्हा मतभेद झाले. १९२० च्या सुमारास फाळके सगळं सोडून बायकामुलांसह काशीला गेले. हे वय वानप्रस्थाचं नव्हतं, पन्नाशी नुकतीच आली होती. काशीत त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिलं. १९२२ मध्ये ते परत कंपनीत आले. काशीच्या त्या दिवसांत ते घाटावरच्या चित्रांच्या दुकानांपुढून गेले असणारच. आपणच कधीकाळी ज्या छापखान्यात राबलो, तिथून निघालेल्या गंगा-लक्ष्मी-सरस्वती तिथे टांगलेल्या पाहून त्या माणसाला काय वाटलं असेल, याचा विचार मी घाटावर बसून पुष्कळ वेळा केला आहे.

काशीत छापखान्यांची परंपरा जुनी. ई. जे. लाझरस यांच्या कंपनीचा मेडिकल हॉल प्रेस इथलाच. नावातच औषधाचं दुकान आणि छापखाना एकत्र नांदतात. १८६६ पासून ‘पंडित’ हे संस्कृतचं मासिक त्यांनी छापलं. १९२० मध्ये इथूनच ‘आज’ हे हिंदी दैनिक निघालं आणि त्याला मोठं केलं ते काशीत जन्मलेल्या बाबुराव विष्णु पराडकरांनी. मराठी घरातला हा माणूस हिंदी पत्रकारितेचा भीष्माचार्य झाला. १९३० मध्ये सरकारने वटहुकूम काढून वर्तमानपत्रांचा गळा आवळला, तेव्हा काशीत ‘रणभेरी’ हे गुप्त पत्र सायक्लोस्टाईलवर निघू लागलं. त्यामागेही पराडकर होते. सायक्लोस्टाईल यंत्र गोणपाटाखाली लपवता येतं. पण मेणकागद, शाई आणि रिमच्या रिम कागद रोज कुठून तरी आणावा लागतो, आणि पोलिसांचा डोळा त्या खरेदीवर असतो. ‘रणभेरी’ चालवणाऱ्यांचं खरं धाडस मला त्या रोजच्या खरेदीत दिसतं.

मळवलीचा छापखाना श्लायखरच्या पश्चातही चालला. तो १९३५ मध्ये वारला. तोवर दगडांची सद्दी संपत आली होती. जस्ताच्या आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांवर तेच काम होऊ लागलं, ऑफसेटची यंत्रं आली. शंभर किलोंचा दगड उचलायला चार माणसं लागत, पत्रा एक पोरगं गुंडाळून नेतं. १९७२ मध्ये मळवलीला आग लागली आणि छापखान्याचा ठेवा जळाला. रविवर्म्याच्या चित्रांच्या छापील प्रती संग्राहकांनी जपल्या. त्याच यंत्रांवर निघालेली लेबलं मात्र कुणी जपायची? लेबल बाटलीबरोबर जातं, डब्याबरोबर भंगारात जातं. छापखान्याला ज्यांनी जगवलं, त्यांचीच नोंद सर्वांत कमी उरली. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

खळीचं राज्य १९३५ पर्यंत होतं. त्या वर्षी अमेरिकेत लॉस एंजेलिसला स्टँटन अ‍ॅव्हरी या तरुणाने होणाऱ्या बायकोकडून शंभर डॉलर घेतले. कपडे धुण्याच्या यंत्राची मोटर आणि शिवणयंत्राचे भाग जोडून त्याने एक यंत्र बनवलं. कागदाच्या मागे कायम चिकट राहणारा थर, त्याखाली न चिकटणारा गुळगुळीत कागद. सोला आणि लावा. ना खळ, ना ओलं बोट. मग १९५८ मध्ये डायमो कंपनी निघाली. हातात मावणारं यंत्र, वर अक्षरांची चकती, आत रंगीत प्लास्टिकची पट्टी. चकती फिरवून अक्षर आणायचं आणि दाबायचं. प्लास्टिक जिथे ताणलं जाई, तिथे ते पांढरं पडे आणि अक्षर उमटे. शाईच नको. आपल्याकडच्या कचेऱ्यांत, प्रयोगशाळांत, दवाखान्यांत लाल-काळ्या पट्टीवरची ती उठावाची पांढरी अक्षरं अनेकांनी पाहिली असतील. बोट फिरवलं की लागायची.

१९८८ मध्ये जपानच्या ब्रदर कंपनीचं पी-टच आलं. पट्टी आता डबीत बंद झाली. इथून धंद्याचं गणित अगदी उघड झालं. यंत्र स्वस्तात द्यायचं, डबी महाग ठेवायची, आणि डबीचा आकार असा ठेवायचा की दुसऱ्याची बसू नये. गणपत कृष्णाजीने शाई घरी केली होती. आता घरी करण्याजोगं काही उरलं नाही. म्हणून शहरांच्या बाजारात ‘चालणाऱ्या’ डब्यांचा, म्हणजे मूळ कंपनीच्या नसलेल्या पण त्या यंत्रात बसणाऱ्या मालाचा, वेगळा धंदा उभा राहिला. बारकोडने हे सगळं शतपट वाढवलं. २६ जून १९७४ रोजी ओहायोतल्या एका दुकानात च्युइंगगमचं पाकीट पहिल्यांदा उजेडाने वाचलं गेलं. आज भारतात नोंदवलेल्या मालावर ८९० ने सुरू होणारा आकडा असतो. १९७७ च्या वेष्टित मालाच्या नियमांनी आणि मग २०११ च्या नव्या नियमांनी वजन, किंमत, तारीख आणि बनवणाऱ्याचं नाव छापणं सक्तीचं केलं. किराणा दुकानात तूर डाळीच्या पुडीवर जी पांढरी चिठ्ठी दिसते, ती या नियमांची.

घाटावरच्या साडीच्या दुकानांत याचं दुसरं टोक दिसतं. बनारसी साडीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हातमागाची खूण, रेशमाची खूण, मानांकनाची खूण, असे कागद एका साडीला लटकतात. सुरतेच्या यंत्रमागावरची साडी बनारसी म्हणून खपवली जाते, म्हणून हे सगळं करावं लागतं. हातमागावर पंधरा-वीस दिवस बसणाऱ्या विणकराचं पोट आता त्या कागदाच्या खरेपणावर अवलंबून आहे. लेबल खोटं निघालं तर त्याची विद्या बाजारात शून्य होते. साडी घेणाऱ्याने किंमत विचारण्याआधी ते कागद उलटून पाहावेत.

आता माझ्या गडूकडे येतो. घाटावरच्या त्या यंत्रात शाई नव्हती, पट्टीही नव्हती. नुसतं कागदाचं भेंडोळं. त्या कागदावर रसायनाचा एक पातळ थर असतो. यंत्राच्या तोंडाशी सुईएवढे गरम ठिपके असतात, ते टेकले की थर काळा पडतो. फक्त कागद विकत घ्यायचा. मालाची इतकी सोपी बाजू या धंद्याला आजवर लाभली नव्हती, म्हणून हे यंत्र घाटावरच्या दुकानापर्यंत पोचलं. पण जे उष्णतेने उमटतं ते उष्णतेनेच बिघडतं. ऊन लागलं, तेल लागलं, तर अक्षरं विटत जातात. बसच्या तिकिटाचं खिशात काय होतं ते आपण रोज पाहतो.

आणि गडू कुठे ठेवतो आपण? देवघरात, समईच्या शेजारी, जिथे दिवसभर ऊब आहे आणि तेलाचा हात लागतो. माझ्या गडूवरची तारीख आता पुसट झाली आहे. शंभर वर्षांपूर्वीचा खळीने चिकटवलेला, झुरळांनी कुरतडलेला कागद अजून वाचता येतो. या वर्षीचा कागद पुढच्या वर्षी वाचता येणार नाही.

म्हणून काशीहून गडू आणाल, तेव्हा त्यावरची चिठ्ठी सुटी करू नका, पण तिच्यावर विसंबूनही राहू नका. साध्या कागदावर शिसपेन्सिलीने कुणी आणला, कधी आणला, कुठल्या घाटावरचा, एवढं लिहा आणि गडूच्या बुडाला खळीने चिकटवा. आणि माळ्यावर जुना बिस्किटाचा डबा, तपकिरीची डबी किंवा कापडाच्या ताग्याचं तिकीट सापडलं, तर घासून काढू नका. जवळच्या एखाद्या संग्रहालयाला किंवा ग्रंथालयाला विचारा. मळवलीचं जे जळालं, त्याचा तुकडा कदाचित तुमच्या घरी असेल.